प्रतीचें प्रामाण्य

एखाद्या वस्तूची प्रत करून ठेविली म्हणजे ती वस्तु सुरक्षित झाली, असें समजण्याची संवय आपणां सर्वांस जडलेली आहे. घराच्या खरेदीखताची नक्कल कपाटांत असली म्हणजे गृहस्थास झोंप येते. पोथीची दुसरी प्रत मठांत असली म्हणजे महंतास चिंता नसते. आणि हल्लींच्या काळीं संगणकांतील सर्व लेख, छायाचित्रें व ध्वनिमुद्रणें एका लहानशा बाह्य हार्ड डिस्कवर उतरवून ती डिस्क टेबलाच्या खणांत टाकली म्हणजे सुशिक्षित कुटुंबास कृतकृत्य वाटतें. या समाधानास आधार किती, आणि तें समाधान नीतिदृष्ट्या निर्दोष आहे किंवा नाहीं, याचा विचार येथें करावयाचा आहे. विषय यांत्रिक दिसतो खरा. परंतु आमच्या मतें त्याचें मूळ न्याय आणि मीमांसा या दोन दर्शनांच्या एका जुन्या वादांत आहे, आणि त्याचें फळ आमच्या बीड जिल्ह्यांतील एका घरास नुकतेंच भोगावें लागलें आहे.

केज तालुक्यांतील एका खेड्यांत आमचा एक जुना विद्यार्थी शिक्षक आहे. त्याची आजी जन्मभर ऊसतोडणीस गेलेली. बीडबाहेरच्या वाचकांसाठीं सांगितलें पाहिजे कीं, दसरा-दिवाळी झाली म्हणजे आमच्या जिल्ह्यांतून लाखों माणसें पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटक येथील साखर कारखान्यांच्या फडांवर जातात, आणि तेथें नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ म्हणून मोजली जाते. माणसाची गणना हत्यारानें व्हावी याविषयीं स्वतंत्र लेख लिहितां येईल. येथें तो विषय नाहीं. या बाईस जात्यावरच्या ओव्या शेंकड्यांनीं येत. जातें घरांतून केव्हांच गेलें, तरी ओव्या राहिल्या होत्या, आणि त्यांत फडावरच्या कोप्या, बैलगाडीची वाट, उचल फेडतां फेडतां सरलेलें आयुष्य, हें सर्व होतें. नातवानें पांच वर्षें सुटीसुटींत तिचें ध्वनिमुद्रण व चित्रमुद्रण केलें. आरंभींचीं मुद्रणें लहान होतीं. शेवटच्या दोन वर्षांत म्हातारी एका बैठकीला दोन-दोन तास गाऊं लागली, तेव्हां त्यानें तुकडे जोडून एकेका बैठकीची एकेक सलग फाइल केली. कॅमेऱ्याचीं कार्डें पुन्हा वापरावयाचीं म्हणून पुसलीं. दर रविवारीं रात्रीं संगणक आपण होऊन सर्व संग्रह बाह्य डिस्कवर उतरवी, आणि सोमवारीं सकाळीं पडद्यावर ‘बॅकअप पूर्ण झाला’ असें वाक्य असे. आजी गेल्या वर्षीं वारली. यंदाच्या उन्हाळ्यांत विजेच्या एका झटक्यानें संगणकाची आंतली डिस्क कायमची बंद पडली. बाह्य डिस्क उघडून पाहतां पहिल्या तीन वर्षांचीं लहान मुद्रणें जशींच्या तशीं निघालीं. शेवटच्या दोन वर्षांतील एकहि बैठक तींत नव्हती.

तो आमच्याकडे आला तेव्हां त्याचा प्रश्न यंत्राविषयीं नव्हता. “सर, आत्या म्हणतात, आईचा आवाज तूं घालवलास. मीं तर प्रत ठेवली होती. मग यांत माझा अपराध कोणता, तेवढें सांगा,” असें तो म्हणाला. आमचा व्यवसाय तर्कशास्त्र शिकविण्याचा असल्यामुळें असल्या प्रश्नास ताबडतोब उत्तर देणें आम्हांस धाडसाचें वाटतें. अपराध कोणता हें ठरविण्यापूर्वीं घटना कशी घडली तें ठरविलें पाहिजे. म्हणून आधीं त्या डिस्कचाच विचार करूं.

बाह्य डिस्कवर प्रत उतरत नाहीं, अशी तक्रार घेऊन येणारे लोक बहुधा डिस्क नासली असा निष्कर्ष प्रथम काढतात. अनुभव असा आहे कीं, डिस्कवर दोष शेवटीं यावा. पुष्कळदां दोष केबलीचा असतो. जुन्या यूएसबी २.० पद्धतीच्या छिद्रांतून नियमाप्रमाणें ५०० मिलिअँपिअर वीज मिळते, ३.० पद्धतीच्या छिद्रांतून ९०० मिळते. तेव्हां अशक्त छिद्रास किंवा चार फांट्यांच्या बिनविजेच्या जोडणीस लावलेली डिस्क दिसते, फिरते, थोडें लिहिते, आणि मोठें काम पडतांच गळून जाते. जुने लेखक पोथीच्या अखेरीस एक विनंती लिहीत असत: या ग्रंथाला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हातीं देऊं नका. त्यांतील सैल बांधणी आज केबलीच्या रूपानें आपल्या टेबलावर आहे, याची आम्हांस मौज वाटते. केबल व छिद्र बदलून पाहिल्यावर जागा शिल्लक आहे किंवा नाहीं तें पाहावें. जुन्या प्रतींनीं भरलेली डिस्क नवी प्रत घेत नाहीं. मग पाहावें कीं, संगणक या डिस्कला आजहि पूर्वींच्याच अक्षरानें ओळखतो ना. कारण मध्यें एखादा पेन ड्राइव्ह लावलेला असला म्हणजे काल ‘ई’ असलेली डिस्क आज ‘एफ’ होते, आणि नेमून दिलेली आज्ञा रिकाम्या दारावर जाऊन परत येते. रात्रीं संगणक झोंपीं गेला असेल तर आज्ञा सुटतच नाहीं. लिहिणें चालू असतां वीज गेली, किंवा संगणकास न सांगतां डिस्क उपटून काढली, तर अर्धवट लिहिलेली याद्यांची वही हीच पुढें सर्व घोटाळ्याचें मूळ होते. आमच्या भागांत वीज जाणें ही घटना म्हणावी इतकी विरळ नाहीं. आणि डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर मात्र कोणताहि प्रयोग न करतां ती बंद करून जाणत्याकडे न्यावी. प्रत्येक प्रयत्नानें आंतला पृष्ठभाग अधिक खरवडला जातो. या विद्यार्थ्याच्या संगणकांतील डिस्कचें असेंच झालें होतें, आणि पुण्यास नेऊनहि तींतून कांहीं निघालें नाहीं.

त्याच्या बाह्य डिस्कचा दोष याहून साधा होता. ती फॅट-३२ नांवाच्या जुन्या रचनेनें आंखलेली होती. या रचनेंत एका फाइलची लांबी लिहिण्यास जेवढी जागा ठेविलेली आहे, तींत ४ जीबीपेक्षां कमी आंकडाच मावतो. त्याहून मोठी फाइल, डिस्क अर्धी रिकामी असली तरी, ती घेऊं शकत नाहीं. लहान मुद्रणें उतरलीं, मोठ्या बैठका उतरल्या नाहींत, याचें कारण एवढेंच. डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट या रचनेनें आंखली असती तर हा प्रसंग आलाच नसता. (येथें एक इशारा: अशी नवी आंखणी करतांना डिस्कवरील सर्व मजकूर पुसला जातो; आधीं तो दुसरीकडे काढून ठेवावा. उपायानेंच रोगी दगावल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत.) दर रविवारीं नोंदवहीच्या फाइलींत, म्हणजे जी कोणी उघडीत नाहीं अशा ठिकाणीं, यंत्र प्रामाणिकपणें लिहीत होतें कीं, अमुक फाइली मोठ्या असल्यामुळें वगळल्या. पडद्यावर मात्र ‘पूर्ण झाला’ एवढेंच येई.

आतां या वाक्याचें मोल काय? नैयायिकांनीं शब्द हें एक प्रमाण मानलें आहे. परंतु प्रत्येक शब्द नव्हे, आप्ताचा शब्द. आणि आप्त कोण, तर ज्यानें ती वस्तु साक्षात् जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. वात्स्यायनानें येथें मोठ्या उदारपणें म्हटलें आहे कीं, हें लक्षण ऋषि, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांस सारखेंच लागू आहे. म्हणजे जात, कुळ, वेष पाहावयाचा नाहीं. ज्ञान आणि सचोटी पाहावयाची. या कसोटीवर आमचें यंत्र कोठें बसतें? खोटें सांगण्याची इच्छा त्यास नाहीं, हें खरें. परंतु खरें सांगण्याचीहि नाहीं. आणि ज्ञानाच्या बाबतींत तर त्याची स्थिति फारच दुबळी आहे. त्यास एवढेंच ठाऊक असतें कीं, आपणांस दिलेल्या आज्ञांची यादी संपली. जें लिहिलें तें वाचतां येतें किंवा नाहीं, हें त्यानें पाहिलेलें नसतें. पुष्कळदां तर लिहावयाचा मजकूर अजून संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतींतच असतो, आणि वरचा कारकून ‘पोंचलें’ म्हणून सही करून मोकळा होतो. आपण त्या सहीस आप्तवाक्य समजतों.

हें केवळ खेड्यांतील शिक्षकासच घडतें असें नाहीं. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या सॉफ्टवेअरच्या नामांकित कंपनींत एका कर्मचाऱ्यानें चुकीच्या यंत्रावर आज्ञा दिली आणि सुमारें ३०० जीबी माहिती क्षणार्धांत पुसली गेली. कंपनीजवळ राखीव प्रती ठेवण्याच्या पांच पद्धती होत्या. गरज पडली तेव्हां पांचांतील एकहि भरंवशाची निघाली नाहीं. रोजची प्रत काढणारें साधन जुन्या आवृत्तीचें होतें, माहितीकोश नव्या आवृत्तीचा होता. त्यामुळें प्रत निघतच नव्हती. आणि निघत नाहीं असें कळविणारीं पत्रेंहि टपालाच्या नियमांत अडकून परत जात होतीं. योगायोगानें एका कर्मचाऱ्यानें दुसऱ्याच कामासाठीं सुमारें सहा तास आधीं काढलेली एक प्रत हातीं होती, म्हणून सहा तासांच्या हानीवर निभावलें. कंपनीनें ही सर्व हकीकत स्वतःच प्रसिद्ध केली, हें तिला भूषणावह आहे.

जुन्या आणि नव्या प्रतींतील भेद येथें ध्यानांत घेण्याजोगा आहे. पूर्वीं प्रत करणें म्हणजे वाचणें होतें. अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी ज्यांनीं पाहिली असेल त्यांस आमचें म्हणणें लवकर पटेल. पस्तीस-चाळीस फूट लांबीच्या जाड्याभरड्या कापडावर या सोळाव्या शतकांतील सत्पुरुषानें आपलें पंचीकरण लिहिलें. सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव लिहिणाऱ्या या लेखकास रोज ढबू पैशाची शाई लागे अशी आख्यायिका आहे. असा ग्रंथ उतरून घेणारास प्रत्येक अक्षर डोळ्यांखालून व हाताखालून घालावें लागे. त्याचा हात चुके, ओळ गळे, ‘ध’चा ‘घ’ होई, कधीं तो शहाणपणानें पदरचा शब्द घाली. परंतु कोरी पोथी बांधून ती भरलेली आहे अशा समजुतीनें कोणी देव्हाऱ्यांत ठेविली नाहीं. जुन्या प्रतींत दोष थोडथोडा व दिसण्याजोगा असे. नव्या प्रतींत एकहि मात्रा चुकत नाहीं, आणि कधीं कधीं सर्वच ग्रंथ नसतो. यंत्र वाचल्यावांचून उतरतें, हें त्याचें सामर्थ्य आहे आणि हाच त्याचा धोका आहे.

दोष दिसत असल्यामुळेंच पूर्वीं शुद्धीची सोय होती. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती मिळवून, पाठ ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली, ती प्रती एकमेकींशीं भांडत होत्या म्हणून. वैदिकांनीं तर लिहिण्यावर विश्वास न ठेवतां मुखावरच ग्रंथ राखला, आणि मुखाची चूक पकडण्यासाठीं पद, क्रम, जटा, घन असे पाठ रचले. तोच शब्द पुढून, मागून, पुन्हा पुढून म्हणावयाचा, म्हणजे एक अक्षर ढळलें तरी जुळणी बिघडून तें तत्काळ कळतें. आजचे संगणकशास्त्रज्ञ प्रत्येक फाइलीचा एक सांकेतिक आंकडा काढून तो मूळ व प्रत या दोन्ही ठिकाणीं जुळवून पाहतात, त्याची जात हीच. ही विद्या एका वर्णाच्या कंठांतच कोंडून ठेविली गेली, ही गोष्ट निराळी, आणि आमच्या मतें दुःखाची. जात्यावर गाणाऱ्या बायकांना घनपाठ कोणी शिकविला नव्हता.

आमच्याच जिल्ह्यांतलें आणखी एक उदाहरण मनाला चटका लावणारें आहे. बीडच्या पाटांगणावर सांपडलेल्या ज्ञानेश्वरीच्या जुन्या पोथीवरून इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १९०९ सालीं आपली प्रसिद्ध आवृत्ति छापली. ती प्रत एकनाथपूर्वकालीन आहे असें त्यांचें मत होतें. आज मूळ पोथी उपलब्ध नाहीं. त्यामुळें राजवाड्यांनीं अमुक ओळ तशीच वाचली किंवा तींत त्यांची नजरचूक झाली, हें कोणासहि ताडून पाहतां येत नाहीं. जी प्रत होती तीच आतां मूळ होऊन बसली आहे. मुकुंदराजाच्या विवेकसिंधूचें तसेंच. शके १११० हा त्याचा काळ ग्रंथाच्या अखेरच्या ज्या उल्लेखावरून सांगतात, तो मूळचाच कीं मागाहून घातलेला, यावर पंडितांत एकमत नाहीं. प्रतीवर विश्वास ठेवावा लागतो तो असा, मूळ गेल्यावर. आणि विश्वास ठेवणें योग्य कीं नाहीं हें पाहण्याची सोय असते ती मूळ असेपर्यंतच.

येथें आम्ही मघांच्या वादाकडे येतों. कुमारिलभट्ट म्हणतो कीं, ज्ञान स्वतःच प्रमाण असतें. त्याच्या कारणांत दोष दिसला, किंवा पुढें त्यास बाध आला, तरच तें अप्रमाण ठरतें. तोंवर त्यावर संशय घेण्याचें प्रयोजन नाहीं. नैयायिक म्हणतात, तसें नाहीं. प्रामाण्य बाहेरून, म्हणजे प्रवृत्तीच्या साफल्यानें कळतें. दुरून पाणी दिसलें. तें पाणी कीं मृगजळ, हें ओंजळ भरून प्याल्यावरच ठरणार. राखीव प्रतीच्या बाबतींत पिणें म्हणजे काय, हें उघड आहे: ती फाइल त्या डिस्कवरून दुसऱ्या संगणकावर परत आणून, उघडून, ऐकून पाहणें. आमचा विद्यार्थी पांच वर्षें दर सोमवारीं पाणी पाहत होता. प्याला एकदांच, आणि तेंहि घसा कोरडा पडल्यावर.

मग त्यास दोषी म्हणावें काय? इंग्लंडांत क्लिफर्ड नांवाच्या गणितज्ञानें १८७७ सालीं श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यांत एका जहाजमालकाचें उदाहरण आहे. जहाज जुनें झालें आहे अशी शंका त्याच्या मनांत येते. परंतु पूर्वीं इतक्या सफरी सुखरूप झाल्या, परमेश्वर रक्षणकर्ता आहे, असें म्हणत तो शंका गिळतो व जहाज सोडतो. जहाज बुडतें. क्लिफर्ड म्हणतो, तो त्या माणसांच्या मृत्यूस जबाबदार आहे. इतकेंच नव्हे, तर जहाज बुडालें नसतें तरीहि तो तितकाच अपराधी होता, कारण पुराव्यावांचून विश्वास ठेवण्याचा त्यास अधिकारच नव्हता. निबंध कडक आहे, आणि तरुणपणीं वाचला म्हणजे फार आवडतो. तथापि आमच्या विद्यार्थ्यास तो लावतांना एक अडचण येते. जहाजमालकास शंका आली होती, आणि ती दाबण्यास त्यास श्रम पडले. या मुलास शंका आलीच नाहीं. दर सोमवारचें तें वाक्य शंकेचा अंकुर वर येण्यापूर्वींच खुडून टाकीत असे. शंका मारणें हा अपराध. परंतु जिला उपजूं दिलें नाहीं त्या शंकेचा अपराध कोणाच्या माथीं घालावा?

दुसऱ्या पक्षीं विल्यम जेम्स यानें १८९६ सालीं क्लिफर्डास जें उत्तर दिलें तेंहि येथें विचारांत घेतलें पाहिजे. कित्येक ठिकाणीं, तो म्हणतो, विश्वासानेंच वस्तु सत्य होते. मित्र आपला आहे असें धरून वागावें तेव्हां तो आपला होतो. पुरावा मिळेपर्यंत हात आंखडणारास मित्रच मिळत नाहीं. हें खरें आहे, आणि म्हणूनच माणसामाणसांत आम्ही मीमांसकांच्या बाजूचे आहों. बायकोचें प्रेम दर आठवड्यास परत मागवून तपासणारा गृहस्थ नैयायिक नव्हे, अभागी आहे. परंतु जेम्सची ही सवलत डिस्कपर्यंत पोंचत नाहीं. मनुष्य आपल्यावर टाकलेल्या विश्वासानें बदलतो, लाजतो, बांधला जातो. डिस्कला त्याचा पत्ताहि नसतो. तिच्यावर कितीहि श्रद्धा ठेविली तरी ४ जीबीची मर्यादा पांचांवर जात नाहीं. जेथें विश्वासानें वस्तूंत कांहींच पालट होत नाहीं, तेथें विश्वासाचें तें निमित्त सांगतां येत नाहीं. तेथें परीक्षाच केली पाहिजे.

यावर कोणी विचारील कीं, परीक्षेला अंत कोठें? एक फाइल उघडली, दुसरीचें काय? आज उघडली, उद्यांचें काय? हा अनवस्थेचा आक्षेप नैयायिकांवर जुनाच आहे. त्याचें उत्तर गंमत म्हणजे कुमारिलानेंच देऊन ठेविलें आहे: तीन-चार ज्ञानांपलीकडे शंका वाढविण्याचें कारण नाहीं. पीटर क्रोग या छायाचित्रकारानें आपल्या व्यवसायबंधूंत रूढ केलेला नियमहि याच मापाचा आहे: वस्तूच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. मूळ आणि प्रत एकाच खणांत ठेवणें म्हणजे दोन दिवे एकाच वातीवर लावणें होय. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां पुण्याच्या नदीकांठच्या घरांतून मूळ कागद आणि नकला बरोबरच वाहून गेल्या.

आतां त्याच्या आत्यांची बाजू. आमच्या धर्मशास्त्रकारांनीं दुसऱ्याची ठेव संभाळणाराचा विचार फार बारकाईनें केला आहे. याज्ञवल्क्य म्हणतो, राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळें ठेव गेली तर ठेवणाऱ्यास ती भरून द्यावी लागत नाहीं. नारदाच्या मतें ठेव संभाळणाराच्या स्वतःच्या द्रव्यासह गेली तर तें नुकसान ठेवीच्या मालकाचें. या न्यायानें पाहतां मुलगा सुटतो. त्याचींहि स्वतःचीं छायाचित्रें त्याच झटक्यांत गेलीं. परंतु स्मृतिकारांच्या समोरची ठेव नाण्यांची किंवा भांड्यांची होती, आणि तिचा धनी कधीं ना कधीं येऊन ती मागणार होता. मागणी ही ठेवीची स्वाभाविक परीक्षा आहे. मागणारा आहे या जाणिवेनें संभाळणारा अधूनमधून पेटी उघडून पाहतो. आजीची ठेव अशी होती कीं, ती स्वतः ती मागणार नव्हती. “कशाला रे ठेवतोस हें?” असें म्हणून ती हंसत असे. आणि ज्यांच्यासाठीं ती होती तीं मुलें अद्याप जन्मलीं नव्हतीं. जी ठेव मागावयास कोणी येणार नाहीं, तिच्या बाबतींत संभाळणारानें स्वतःच मागणारा व्हावें लागतें, स्वतःच दारावर येऊन ‘दाखव पाहूं’ असें म्हणावें लागतें. हें कर्तव्य कोणत्याहि स्मृतींत लिहिलेलें आमच्या वाचनांत नाहीं. म्हणून तें त्यास ठाऊक नसल्याबद्दल आम्ही त्यास अपराधी म्हणणार नाहीं. पण तें कर्तव्य नव्हतें असेंहि म्हणणार नाहीं. हीं दोन विधानें एकमेकांस छेद देतात असें आमच्या एका सहकाऱ्यांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. जगांत कित्येक कर्तव्यें अशीं आहेत कीं, पहिला मनुष्य त्यांत चुकल्यावरच तीं सर्वांस दिसूं लागतात.

आमच्या जिल्ह्यानें याची चांगली बाजूहि पाहिली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनीं महाराष्ट्रांतील हजाराहून अधिक गांवांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. १९९६ सालीं माजलगांवच्या भीमनगरांत बायांनीं बाबासाहेबांवर गाइलेल्या ओव्या या कार्यांत मुद्रित झाल्या. आणि २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेनें तो संग्रह पुन्हा लोकांसमोर आणण्यास आरंभ केला. वीस वर्षांनंतर तो आवाज ऐकूं येतो याचें कारण केवळ चांगलें यंत्र नव्हे. तीच ओवी कोणी ऐकून कागदावर उतरली, कोणी ती संगणकांत घातली, कोणी तिचें वर्गीकरण केलें, कोणी भाषांतर केलें. प्रत्येक वेळीं ती वाचली गेली. मुद्रण बिघडतें तरी शब्द राहते, कागद जाता तरी आवाज राहता.

विद्यार्थ्यास आम्हीं लीळाचरित्राची हकीकत सांगितली. म्हाइंभटानें साक्षीदारांना गांठून, विचारून, चक्रधरांच्या लीळा लिहून काढल्या. परचक्राच्या धामधुमींत ती मूळ प्रत नाहींशी झाली. आणि मग ज्यांना ती पाठ होती त्या महानुभाव मंडळींनीं स्मरणानें ती पुन्हा उभी केली. निरनिराळ्या माणसांच्या स्मरणांतून निरनिराळे पाठ निघाले, ते आजहि आहेत. तो कांहीं बोलला नाहीं. परंतु श्रावणांत त्याचें पत्र आलें, त्यावरून कळतें कीं, दोघी आत्यांना त्यानें एकत्र बसविलें आहे. आईच्या दोन-अडीचशें ओव्या त्यांना मिळून येतात. रागावलेली थोरली आत्या प्रथम गावयास तयार नव्हती. धाकटी चुकीचें गाऊं लागली तेव्हां तिला राहवलें नाहीं. नवी डिस्क त्यानें दोन घेतल्या आहेत, त्यांतील एक आत्याच्या गांवीं असते, आणि तो महिन्यांतून एकदां तिच्याकडे जाऊन तिच्याच डिस्कवरून चार ओव्या मोठ्यानें लावतो. ओव्या हातानें वहींतहि लिहून घेतो. फडावरून परततांनाच्या एका ओवींत आई ‘वाट’ म्हणत होती कीं ‘पायवाट’, यावर दोघींचा वाद मिटलेला नाहीं. त्यानें दोन्ही पाठ लिहून ठेविले आहेत.